टे नदीचा पूल आणि विल्यम मॅकगोनागल : एका फसलेल्या कवितेचे प्रकरण

२८ डिसेंबर १८७९ च्या रविवारी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळ, टे नदीच्या रुंद मुखावर बांधलेल्या रेल्वेपुलाचा मधला उंच भाग वादळात कोसळला आणि त्या क्षणी त्यावरून चाललेली प्रवासी गाडी एंजिनासकट पाण्यात गेली. गाडीतले कोणीही वाचले नाही. मृतांचा त्या वेळचा अंदाज ७५ होता; नावानिशी निश्चित करता आलेल्या मृतांची संख्या ५९ आहे. हा पूल १ जून १८७८ रोजी, म्हणजे जेमतेम दीड वर्षापूर्वी खुला झाला होता. लांबी जवळजवळ दोन मैल असल्यामुळे जगातला सर्वांत लांब पूल म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता आणि १८७९ च्या उन्हाळ्यात राणी व्हिक्टोरियाने त्यावरून प्रवास केल्यानंतर त्याचा अभियंता थॉमस बाउच याला सरदारकीही मिळाली होती.

या दुर्घटनेवर लिहिलेल्या दोन कविता आजही वाचल्या जातात. एक बर्लिनमध्ये लिहिली गेली आणि जर्मन शाळांच्या क्रमिक पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दुसरी डंडीतच लिहिली गेली आणि इंग्रजी भाषेतील सर्वांत वाईट कवितेचे उदाहरण म्हणून ती प्रसिद्ध झाली. तिचा कर्ता विल्यम मॅकगोनागल. वाईट कविता दररोज लिहिल्या जातात आणि दररोज विसरल्या जातात. मग ही एकच सव्वाशेहून अधिक वर्षे का टिकली, आणि तिच्या वाईटपणाचे नेमके घटक कोणते, हा या प्रकरणाचा विषय आहे. एकाच घटनेवर, एकाच हिवाळ्यात दोघांनी लिहिल्यामुळे तुलनेची जी सोय येथे होते ती साहित्याच्या अभ्यासात क्वचितच होते.

कवीची पार्श्वभूमी

मॅकगोनागल हा आयरिश आईबापांचा मुलगा, व्यवसायाने हातमागावरचा विणकर. त्याचा जन्म बहुधा १८२५ चा. त्याचे बहुतेक आयुष्य डंडीत गेले, आणि त्याच काळात हे शहर बंगालमधून येणाऱ्या तागावर चालणाऱ्या गिरण्यांचे शहर झाले. यंत्रमाग आले तसे हातमागाचे काम आटत गेले. १८४६ मध्ये त्याचे जीन किंग हिच्याशी लग्न झाले होते आणि संसार मोठा होता. शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते, परंतु शेक्सपिअर त्याने स्वतः वाचून पाठ केला होता आणि नट होण्याची त्याला फार हौस होती. डंडीतील एका छोट्या नाटकगृहात पैसे भरून त्याने मॅकबेथची भूमिका मिळवली, मागावरचे सोबती प्रेक्षक म्हणून आले, आणि शेवटच्या द्वंद्वात मॅकडफच्या हातून मरायची वेळ आली तेव्हा हा मॅकबेथ मरायला तयारच होईना, ही हकीकत त्याच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. केवळ गंमत म्हणून ती येथे दिलेली नाही; मॅकबेथ पुढे या प्रकरणात अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

१८७७ च्या जून महिन्यात, वयाच्या पन्नाशीनंतर, ‘लिही, लिही’ असा आवाज आपल्याला ऐकू आला आणि आपण कवी आहोत याचा शोध लागला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पहिली कविता स्थानिक धर्मोपदेशक आणि समीक्षक जॉर्ज गिलफिलन याच्या स्तुतीची होती. ‘शेक्सपिअरनेही असे काही कधी लिहिले नाही’ असा गिलफिलनचा अभिप्राय सांगितला जातो. त्यातला डंख मॅकगोनागलपर्यंत पोहोचला नाही. त्याच वर्षी त्याने राणीकडे राजाश्रय मागितला, तेव्हा राजवाड्यातून नकाराचे औपचारिक, सौजन्यपूर्ण पत्र आले. त्यातले सौजन्य त्याने प्रशंसा समजून घेतले आणि १८७८ च्या जुलैत तो डंडीहून सुमारे साठ मैल डोंगरवाटांनी, पावसात भिजत, राणीला कविता ऐकवायला तिच्या बाल्मोरलच्या वाड्यापर्यंत चालत गेला. फाटकावर त्याला सांगण्यात आले की राणीचा कवी टेनिसन आहे, आणि तो परत चालत आला.

गिरणी आणि हातमाग यांच्या संघर्षात हातचे काम गेलेला विणकर कवितेकडे वळतो, यात वेडेपणा पाहायचा की पोटाची सोय, हे ठरवण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तो आपल्या कविता सुट्या कागदांवर छापून रस्त्यात विकत असे. युद्ध, आग, जहाज बुडणे, राजघराण्यातील लग्न किंवा मृत्यू यांवर पद्य रचून ते पैशा-दोन पैशांना विकण्याची ब्रिटनमध्ये जुनी प्रथा होती आणि मॅकगोनागलने लिहिलेल्या सुमारे दोनशे कवितांपैकी मोठा भाग याच जातीचा आहे. त्याची कविता आधी बातमी असते, नंतर कविता.

कवितेची तपासणी

टे पुलावर त्याने एकूण तीन कविता केल्या. पहिली पूल नवा असताना. तिच्यात पुलाच्या सौंदर्याची आणि खांबांची स्तुती आहे, आणि रात्रंदिवस जाणाऱ्या प्रवाशांचे ईश्वर रक्षण करो, पुलावर अपघात न होवो, कारण डंडीजवळ तसे काही पाहावे लागले तर ते फार भयंकर होईल, अशी प्रार्थनाही आहे. दुसरी अपघातावरची, तिसरी १८८७ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलावरची.

अपघातावरच्या कवितेची सुरुवात ‘रुपेरी टे नदीवरील सुंदर रेल्वेपुला’ या संबोधनाने होते. लगेच कवी म्हणतो की सांगताना मला फार वाईट वाटते, १८७९ च्या शेवटच्या रविवारी नव्वद जीव गेले, आणि ही गोष्ट पुष्कळ काळ लक्षात राहील. या पाच ओळींतच सगळे प्रकरण आहे. पहिल्या तीन ओळींना नदीच्या नावाशी जुळणारे यमक मिळते, पण चौथ्या ओळीच्या शेवटी साल येऊन पडते आणि पाचवीला त्या सालाशी कसेबसे जुळणारे शब्द शोधावे लागतात. ओळींची लांबी हवी तशी वाढते आणि आखडते. आघातांचा काहीच हिशेब नाही, फक्त शेवटी यमक लागले की ओळ संपली असे समजायचे. मात्रावृत्ताच्या चालीवर कान तयार झालेल्या मराठी वाचकालाही, इंग्रजी छंदशास्त्र न शिकता, ही ओळ पायरी चुकलेल्या माणसासारखी अडखळते आहे हे मोठ्याने वाचताच कळते.

छंद हा दोषाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाषेच्या पातळीचा आहे. ‘सांगताना फार वाईट वाटते’ हा शिष्टाचाराचा उद्गार आहे. आमंत्रण नाकारताना तो शोभतो. त्याच्या पुढच्याच ओळीत नव्वद मृत्यू येतात. ‘पुष्कळ काळ लक्षात राहील’ हेही तसेच. वाक्य खोटे नाही, परंतु एवढ्या शोकानंतर त्यात काहीच सांगितलेले नसते. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या आपल्या ग्रंथात लिहिले आहे : ‘अनौचित्यादृते नान्यद् रसभङ्गस्य कारणम्’, म्हणजे अनौचित्यावाचून रसभंगाला दुसरे कारण नाही. रसाचा आभास झाला आणि करुण हास्यात उतरला, असे आपले काव्यशास्त्र ज्याला म्हणते, त्याचे इतके निर्भेळ उदाहरण संस्कृत काव्यातही शोधून सापडणार नाही. तेथील कवी निदान छंद चुकत नाहीत.

शेवट तर विशेष पाहण्यासारखा आहे. तेथे कवी आपले गीत आता संपवले पाहिजे असे जाहीर करतो आणि निर्भयपणे, किंचितही न डगमगता, जगाला सांगतो की दोन्ही बाजूंनी आधारभिंती दिल्या असत्या तर मधल्या तुळया कोसळल्या नसत्या, असे पुष्कळ शहाण्या माणसांचे म्हणणे आहे. शहाण्या माणसांचा हवाला एका ओळीच्या अंतराने दोनदा येतो, आणि दुसऱ्यांदा यमकासाठी क्रियापदाचे वचन सरळ मोडले जाते. मग उपसंहार : घरे जितकी मजबूत बांधू तितकी आपण मरण्याची शक्यता कमी. नव्वद मृत्यूंवरच्या विलापिकेचा शेवट बांधकामाविषयीच्या सूचनेने होतो.

येथे वाचक हसतो, आणि हसू आवरणे कठीण आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु सूचना तपासून पाहावी. चौकशी आयोगाचा अहवाल १८८० च्या जूनमध्ये आला. पुलाचा आराखडा वाईट, बांधकाम वाईट आणि देखभालही वाईट, असा त्याचा निष्कर्ष होता. बाउचने वाऱ्याच्या दाबासाठी वेगळी तरतूद केली नव्हती. उंच खांब बिडाच्या नळ्यांचे होते, त्यांना तिरक्या पट्ट्यांनी जखडले होते, आणि त्या पट्ट्या ज्या बिडाच्या कानांना बोल्टांनी अडकवल्या होत्या ते कान ताण येताच तुटले. ओतकामातली भोके मेण आणि लोखंडाचा कीस यांच्या मिश्रणाने बुजवल्याचेही उघडकीला आले. म्हणजे पूल आडव्या जोरापुढे टिकला नाही, बाजूचा आधार अपुरा पडला. आणि शहाण्या माणसांच्या हवाल्याने मॅकगोनागलने सांगितले होते तेही हेच. तांत्रिक शब्द चुकला असेल, दिशा चुकली नाही. बाउच त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वारला. चौकशी आयोगाचा एक सदस्य विल्यम बार्लो याने पुढे नवा पूल आखला, तो रुंद पायाचा आणि भक्कम खांबांचा.

मृतांचा आकडा मात्र चुकीचा आहे. नव्वद हा आकडा घटनेनंतरच्या गोंधळातला असावा; मॅकगोनागलने तो पुढेही सुधारला नाही.

बर्लिनमधली कविता

थिओडोर फोंटाने हा जर्मन लेखक १८५८ मध्ये स्कॉटलंड हिंडून आला होता. अपघाताची बातमी वाचून त्याने लिहिलेली ‘टे नदीवरचा पूल’ ही कथाकविता १८८० च्या जानेवारीतच, म्हणजे घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आत, बर्लिनच्या एका साप्ताहिकात छापून आली. तिची सुरुवात मॅकबेथमधल्या तीन चेटकिणींच्या प्रश्नाने होते : आपण तिघी पुन्हा केव्हा भेटायचे? सातव्या तासाला, पुलाच्या बांधावर, असे त्या ठरवतात, आणि पूल पाडण्याचा बेत करतात. मध्यभागी पूल राखणारे एक म्हातारे जोडपे आहे. त्यांचा मुलगा जॉनी एंजिन चालवत नाताळासाठी घरी येतो आहे, झाड सजवलेले आहे, खिडकीतून आईबाप दिवा दिसायची वाट पाहत आहेत. जॉनीचा आपल्या वाफेवर आणि बाष्पकावर पुरा भरवसा आहे. मग वादळात एक जाळ आकाशातून खाली पडल्यासारखा दिसतो, अंधार होतो, आणि चेटकिणी पुन्हा बोलतात : मानवी हाताने घडवलेले सारे कवडीमोलाचे.

आता मॅकगोनागलच्या कवितेचा मधला भाग पुन्हा पाहावा. तेथेही वेळ संध्याकाळी सातची. तेथेही वादळाला वाचा फुटते. हवेतला राक्षस ‘मी टे नदीचा पूल उडवून टाकीन’ असे म्हणतो. तेथेही गाडीतली माणसे घरी, आपल्या माणसांना नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला निघाली आहेत. दोन कवींमध्ये उत्तर समुद्राचे अंतर होते आणि एकाला दुसऱ्याची ओळ दिसण्याचा संभव नव्हता. तरी घटना तीच, तास तोच, सणाला घरी परतणाऱ्या माणसांची कल्पना तीच, आणि वाऱ्याला अमानुष शक्तीचा आवाज देण्याची युक्तीसुद्धा तीच. मॅकबेथ रंगमंचावर जगलेला माणूस डंडीत होता, पण चेटकिणी फोंटानेला सुचल्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मॅकगोनागलजवळ कल्पनाशक्ती नव्हती असे म्हणता येत नाही. कविता ज्या साहित्यातून उभी राहते ते त्याच्यापाशी फोंटानेइतकेच होते. फोंटाने काय गाळायचे ते जाणतो. त्याच्या कवितेत मृतांचा आकडा नाही, अभियंता नाही, चौकशी नाही; नव्वदांऐवजी एकच मुलगा आहे, आणि त्याचेही मरण थेट सांगितलेले नाही. मॅकगोनागल काहीच गाळत नाही. गाडी एडिंबऱ्याहून निघाली, पाऊस पडत होता, लोक आनंदात होते, काही जणांना भीती वाटली, शहरात बातमी पसरली, आधारभिंती नव्हत्या: सगळे एकाच सुरात, एकाच वजनाने येते.

मात्र येथेच माझे मत रूढ निकालापासून थोडे वेगळे होते. फोंटानेच्या चेटकिणी सुंदर आहेत, पण त्यांनी पूल पाडला म्हटले की बाउच सुटतो. यंत्रयुगाच्या गर्वाला नियतीने शिक्षा केली, हा अर्थ बर्लिनमध्ये बसून काढणे सोपे होते. ज्यांची माणसे त्या गाडीत होती त्या शहरातल्या माणसाला राक्षसावर थांबून चालले नाही. बांधकाम कच्चे होते हे त्याला म्हणावेसे वाटले, आणि कवितेत ते कसे म्हणायचे हे न कळल्यामुळे त्याने ते जसेच्या तसे म्हटले. काव्य म्हणून तो हरला आहे, याबद्दल वाद नाही. साक्ष म्हणून त्याची कविता दोन्हींत अधिक प्रामाणिक आहे.

आपल्याकडच्या पोवाड्याची येथे आठवण होते. पोवाड्यातही तारखा, आकडे, सरदारांची नावे, लढाईचा तपशील भरलेला असतो आणि कागदावर पाहिले तर ओळी लहानमोठ्या दिसतात. शाहिराची चाल, डफ आणि झीलकरी त्या ओळी सांभाळून घेतात. मॅकगोनागल स्कॉटिश डोंगराळ मुलखाचा पोशाख करून, तलवार परजत, नटाच्या आवेशात आपल्या कविता म्हणत असे. त्या प्रयोगातून उचलून छापील पानावर ठेवलेली ओळ आपण वाचतो आणि तिला दोष देतो. तरीही प्रयोगाने त्याची कविता चांगली ठरली असती असे मला वाटत नाही, कारण त्याला साथ देणारा कोणी नव्हता आणि समोर बसलेले लोक ऐकायला आलेले नव्हते.

श्रोते आणि त्यांची करमणूक

ते कशासाठी येत, हे १८८० च्या दशकाच्या अखेरीस सर्कशीतल्या त्याच्या कामावरून कळते. तेथे त्याला कविता म्हणण्याचे रात्रीला १५ शिलिंग मिळत, आणि प्रेक्षकांना त्याच्यावर अंडी, पीठ, मासे, बटाटे, शिळा पाव फेकण्याची मुभा असे. दंगा इतका वाढला की १८८९ मध्ये नगराच्या दंडाधिकाऱ्यांनी हे प्रयोग बंद केले. मॅकगोनागलने त्यावरही निषेधाची कविता केली. तिच्यात तक्रार अंड्यांची नाही. आपले रात्रीचे १५ शिलिंग बुडवले, ही आहे.

मॅकगोनागलविषयीचा जुना वाद असा की हा माणूस खरोखर भोळा होता की लोकांना हसवून पोट भरण्याइतका चलाख होता. मला हा पर्याय खोटा वाटतो. आपण मोठे कवी आहोत यावर त्याची श्रद्धा होती, याची साक्ष बाल्मोरलची पायपीट देते, कारण तेथे अंडी फेकायला कोणी नव्हते आणि शिलिंगही मिळणार नव्हते. आणि अपमान सोसल्याचे पैसे मिळतात हेही त्याला ठाऊक होते, याची साक्ष निषेधाची कविता देते. उपाशी माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. फेकणाऱ्यांविषयी मात्र एवढा विचार कोणी करत नाही, ते नेहमी ‘प्रेक्षक’ या एका शब्दात सुटतात.

थट्टेची सर्वांत विस्तृत करामत १८९४ ची. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबारातून आलेले म्हणून एक पत्र त्याला मिळाले. त्यावर पत्ता अंदमान बेटांचा होता आणि राजाने त्याला ‘श्वेत गजाच्या पवित्र संघा’चा सरदार केल्याचे त्यात लिहिले होते. मराठी वाचकाला यातली चूक तत्काळ दिसेल. राज्य गेलेला थिबा राजा १८८६ पासून रत्नागिरीत इंग्रजांच्या नजरकैदेत, त्यांनी ठरवून दिलेल्या तनख्यावर दिवस काढत होता आणि १९१६ मध्ये तेथेच वारला. त्याचा राजवाडा रत्नागिरीत आजही उभा आहे. पदव्या वाटण्याचा अधिकार सोडा, दरबारही त्याच्यापाशी उरला नव्हता. थट्टा करणाऱ्यांना एवढी माहिती नव्हती, किंवा तिची गरज वाटली नाही. मॅकगोनागलने पदवी स्वीकारली आणि पुढे आयुष्यभर आपल्या नावामागे ‘सर’ लावले. कवितेसाठी आणि पदवीसाठी साम्राज्याच्या दारात उभा राहिलेला विणकर आणि साम्राज्याने कोकणात आणून ठेवलेला राजा, या दोघांची नावे एका कागदावर यावीत, तीही त्याच साम्राज्यातल्या रिकामटेकड्या लोकांच्या विनोदातून, यापेक्षा विचित्र योग या प्रकरणात दुसरा नाही.

मित्रांनी खर्च उचलून १८९० मध्ये त्याचा संग्रह काढला होता, त्यावर काही दिवस निभावले. १८९४ मध्ये तो डंडी सोडून पर्थला आणि नंतर एडिंबऱ्याला गेला, आणि तेथेच २९ सप्टेंबर १९०२ रोजी निष्कांचन अवस्थेत वारला. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत त्याला पुरले, तेव्हा थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. २००८ मध्ये त्याच्या सुट्या छापील कवितांच्या ३५ कागदांचा संच एडिंबऱ्याच्या लिलावात ६,६०० पौंडांना विकला गेला. वीस शिलिंगांचा एक पौंड धरून, रात्रीला १५ शिलिंगांच्या हिशेबाने ही ८,८०० रात्रींची मिळकत होते.

टिकण्याचे कारण

त्याची कविता वाईट असल्यामुळे टिकली, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते पुरे पडत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच्याच तिसऱ्या टे-कवितेत आहे. नव्या पुलावरच्या त्या कवितेत तेच संबोधन आहे, तीच अडखळणारी ओळ आहे, विटांचे भक्कम खांब, आधारभिंती आणि कुठल्याही वादळाला तोंड देतील अशा दिसणाऱ्या तेरा मधल्या तुळया यांची तशीच यादी आहे. दोषांची मोजदाद केली तर ती दुसरीच्या मागे नाही. पण ती अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वाचत नाही, कारण तिच्यात कोणी मेलेले नाही, त्यामुळे कोसळायला उंचीच नाही. पहिली कविता अपघात न होण्याच्या प्रार्थनेपुरती कधीतरी आठवली जाते. दुसरीत मात्र पंचाहत्तरांच्या आसपास माणसांचे मरण आणि शिष्टाचाराचा एक उद्गार शेजारी शेजारी उभे आहेत, आणि त्या दोहोंमधले अंतर इतके आहे की हसणाऱ्याला मधेच कधीतरी आपण कशावर हसतो आहोत हे आठवते. फोंटानेची कविता वाचणाऱ्याला ही अडचण पडत नाही.